वखारीमागची एकोणतीस नावं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. निपाणीतल्या एका गल्लीतली एकोणतीस माणसं आपापल्या घरात नांदत असताना ती गाव सोडून गेली, असं मी लिहून दिलं होतं. मतदार यादीतून त्यांची नावं गेली ती माझ्या सहीनं. सही माझी ठसठशीत आहे, एकदा बघितली की विसरता येत नाही. निदान मला तरी आली नाही.

दोनेक आठवड्यांपूर्वी दारावरची बेल वाजली आणि हे सगळं पुन्हा वर आलं. बेळगावला बदली होऊन आल्यापासून आम्ही टिळकवाडीत, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दारात एक तरुण बाई उभ्या, खांद्याला पिशवी, हातात याद्यांचा गठ्ठा, जिना चढून धाप लागलेली. प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. "सर, यादीची तपासणी चाललीय," म्हणाल्या. मराठी बोलताना मध्येच कन्नडात घसरायच्या. कागद पुढं करून म्हणाल्या, "इल्ली सही माडरी." मी सही केली.  बायकोनं चहा आणला.

बाईंनी समोरच्या बंद दाराकडं मान वळवली. "तीन वेळा आले हो. कायम कुलूप. काय लिहू?"

"थांबा," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच बोललो असणार, कारण दोघीही माझ्याकडं बघायला लागल्या. "वकीलसाहेब मुलीकडं गेलेत पुण्याला. येतील. तसं लिहा."

त्यांनी 'पुन्हा भेट' असं काहीतरी लिहिलं आणि गेल्या. वकीलसाहेब सज्जन माणूस. पण गेल्या कितीतरी निवडणुकांत त्यांनी मत टाकलेलं मला आठवत नाही. एकदा म्हणाले, सुट्टी जोडून आली होती, गोव्याला गेलो. आमच्या या सगळ्या इमारतीत मतदानादिवशी दुपारपर्यंत लिफ्ट नुसती उभी असते. तरी इथलं कुलूप म्हणजे 'पुन्हा भेट'. त्या गल्लीतलं कुलूप म्हणजे 'गेले'. हा फरक सरकारनं कुठल्या कागदावर छापलेला नव्हता. तो माझ्या मनात छापलेला होता.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना झालंय. पेपर उघडतो, ठेवतो. गॅलरीत जातो, परत येतो. "पायाला भिंगरी लागली काय?" बायको विचारते. मी म्हणतो, थंडी आहे, चाललेलं बरं.

थंडीच होती तेव्हाही. निपाणीत थंडी अंगाला कळायच्या आधी नाकाला कळते. शिवारातून तंबाखू वखारीत यायला लागला की सगळ्या गावावर एक कडवट, उबदार वास पसरतो. नवखा माणूस शिंकून बेजार होतो आणि गावातला माणूस विचारतो, काय झालं? वखारीच्या बाजूनं जाताना तंबाखूचा खाट नाकाला झोंबायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. आत बायका तोंडाला पदर बांधून चाळायच्या, काड्या निवडायच्या. सकाळी भोंग्याला आत, दिवे लागायच्या वेळी बाहेर. त्यांच्या हाताला तो कडूपणा इतका मुरलेला असायचा की घरी लेकराला भरवताना लेकरू तोंड वाकडं करायचं. हे मला माझ्या वर्गातल्याच एका मुलीनं सांगितलं होतं. आईच्या हातचा भात कडू लागतो, म्हणून तिच्या घरी आजी भरवायची.

मी तिथं मराठी शाळेत गणित शिकवायचो आणि वर्षातून काही महिने यादीचं काम करायचो. घरोघरी जायचं, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण अठराचं झालं, ते टिपायचं. हे काम करणाऱ्याला गावाची एक विचित्र ओळख होते. माणसं चेहऱ्यानं कमी आणि अनुक्रमांकानं जास्त लक्षात राहतात. आणि आमच्या या सीमेवरची जुनी खोड अशी, की माणूस दिसला की आधी त्याची भाषा बघायची, मग आडनाव, मग गल्ली. एवढं कळलं की त्यानं मत कुणाला टाकलं हे विचारायची गरजच नाही, असं आम्हाला वाटतं. त्याच्या आधीच आम्ही ते टाकून मोकळे झालेले असतो.

खानापूरकडच्या खेड्यातलं शेतकरी घर असेल तर हिशेब सोपा. म्हातारा-म्हातारी गावात, मुलगा पुण्यात नाहीतर कोल्हापुरात. मत आईच्या चुलीशी ठेवलेलं. जीप पाठवली की पोरं येणार, दुपारी मटण खाऊन परत. बस्तीच्या देवळाजवळची जैन घरं असतील तर ती सकाळच्या पहिल्या तासात रांगेत. अख्खं घर, पांढऱ्या लुगड्यातल्या आजीसकट. दुकानात मराठी बोलणारी आणि स्वयंपाकघरात कन्नड. त्यांच्याविषयी आप्पा म्हणायचे, "ती माणसं दोन्ही भाषेत व्हय म्हणत्यात, अन् टाकत्यात तिसरीकडंच."

आप्पा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मराठीसाठी जन्मभर झटलेला माणूस. मार खाल्लेला, चार दिवस हिंडलग्याच्या तुरुंगातही बसून आलेला. मी खानापूरच्या जंगलातल्या एकशिक्षकी शाळेत कुजत होतो. माझी बदली निपाणीत करून आणली ती आप्पांनी. त्याबद्दल त्यांनी कधी काही मागितलं नाही. फक्त निवडणूक जवळ आली की बोलवायचे, कारण यादी कन्नडात छापलेली असायची आणि आप्पांना कन्नड वाचता येत नव्हतं. नोकरीसाठी मी कन्नडाची परीक्षा दिलेली. तर शाळा सुटल्यावर त्यांच्या माडीवर बसून मी यादी मोठ्यानं वाचायची आणि आप्पांनी सुपारी कातरत प्रत्येक नावाला एक शब्द द्यायचा.

"आपला."

"न्हाय."

"बघू."

तीनच शब्द. मी त्यापुढं खुणा करायचो. आपला, आपला, न्हाय, आपला. त्या वाचनाला एक लय लागायची, शाळेत पाढे म्हणतात तशी. मला त्यात आनंद वाटायचा, हेही सांगून टाकतो. आपली भाषा वाचवायच्या मोठ्या कामात आपण मोजणीला बसलोय, अशी काहीतरी भावना असायची.

वखारीमागची गल्ली आली की लय तुटायची. तिथं सगळं मिसळलेलं. मराठी, कन्नड, मुसलमान, पाच-सात जातींच्या घरांच्या भिंतीला भिंत. बहुतेक बायका वखारीत कामाला. बऱ्याच जणी एकट्या, विधवा नाहीतर टाकलेल्या. मी पहिलं नाव वाचलं. हौसाबाई, गल्लीची हौसाक्का.

आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. "ह्या गल्लीचं काय खरं न्हाय बघा, गुरुजी. दुपारी भाकरी सोडत्यात न्हवं का, तवा सगळ्या मिळून ठरवत्यात कुणाला टाकायचं ते. नवऱ्याचं ऐकत न्हाईत, जातीचं न्हाय, भाषेचं न्हाय. असलं मत मोजायचं कसं, सांगा की."

"मग 'बघू' लिहू?"

"लिवा." मग थोडं थांबून म्हणाले, "पर ही माणसं हैत तरी का तिथं अजून? का गेल्यात कुठं? दिवसा जाऊन बघा की एकदा."

बस्स. एवढंच. आप्पांनी मला नावं काढा असं सांगितलं नाही. पुढं अनेक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की त्यांनीच सांगितलं. नाही सांगितलं. ते फक्त 'दिवसा' म्हणाले, आणि मला कळलं. समजूतदार म्हणून माझी ख्यातीच होती.

मी दिवसा गेलो. दुपारी दोन वाजता. त्या गल्लीत दुपारी कोण असणार? ते मला माहीत नव्हतं असं नाही. त्यातल्या सात-आठ घरांतली मुलं त्या वेळी माझ्याच वर्गात बसलेली होती. ओळीनं कुलपं. एक शेळी. पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. हौसाक्काच्या दारापुढच्या दोरीवर हिरवं लुगडं वाळत घातलेलं होतं आणि त्याच्या काठातून पाणी ठिबकत होतं. मी तिथं उभं राहून वहीत लिहिलं, 'घर बंद. स्थलांतरित.' लिहीत असताना एक थेंब माझ्या चपलेवर पडला. मी पाय मागं घेतला आणि पुढच्या घराकडं गेलो.

नियमानं तीन भेटी लागतात. मी तीनदा गेलो, तीनदा दुपारीच. शेजाऱ्यांची साक्ष लागते. दोन सह्या आप्पांच्या माडीवर मिळाल्या. दारावर नोटीस चिकटवावी लागते. मी चिकटवली, कन्नडात छापलेली. वाचता न येणाऱ्या बायकांच्या दारावर, तिन्हीसांजेपर्यंत वाऱ्यानं उडून जाईल एवढीच खळ लावून. कागदोपत्री मी कुठंही चुकलो नाही. आजही कुणी तपासलं तर फाईल स्वच्छ सापडेल. माझ्या आयुष्यातली सगळ्यात नेटकी फाईल.

मतदानादिवशी उन्हाळा होता. शाळेच्या फाटकापाशी मला टेबल दिलेलं, नाव शोधून चिठ्ठी द्यायला. सात वाजायच्या आतच हौसाक्का आली. डोक्याला तेल, चापूनचोपून नेसलेलं तेच हिरवं लुगडं. साठीच्या आसपासची बाई, ताठ. भोंग्याच्या आत मत टाकून वखारीत जायचं म्हणून ती दर वेळी पहिली असायची.

"गुरुजी, चिट्टी द्या बिगीबिगी. मुकादम शिव्या घालतोय."

मी यादी उघडली. नाव नाही हे मला माहीत होतं. तरी मी पान उलटलं. पुन्हा उलटलं. बोट फिरवत राहिलो. ती शांत उभी होती, माझ्यावर विश्वास टाकून. त्या दीडदोन मिनिटांत मी जे नाटक केलं तेवढं नाटक मी गॅदरिंगमध्येही कधी केलं नाही.

"आक्का, नाव दिसत नाही."

"असंल की. नीट बघा. तुम्हीच तर लिवून घेतलासा."

"इथं गेलेल्यांत दाखवलंय. गाव सोडून गेलेल्यांत."

"मी?" ती हसली. आधी खरंच हसली. "मी कुठं गेलतो? काल तुमच्या शाळंम्होरनं पाण्याची घागर घेऊन गेलो, तुम्ही बघितलासा न्हवं? कोण म्हनलं मी गेलो म्हणून?"

"वरून झालंय, आक्का. कॉम्प्युटरनं."

"त्या कॉम्प्युटरला माझं घर ठाव हाय व्हय?"

मागं रांगेत कुणीतरी हसलं. पहिला भोंगा झाला. ती तशीच वळली आणि वखारीकडं चालायला लागली. तिच्या मागोमाग त्या गल्लीतल्या एकेक येत गेल्या. मी एकेकीला कॉम्प्युटर सांगत गेलो. तिसऱ्या-चौथ्या बाईपर्यंत माझा आवाजही स्थिर झाला.

आप्पांचा माणूस पडला. चांगला सणकून पडला. आमच्या एकोणतीस नावांनी काही होणार नव्हतं आणि काही झालं नाही. 'आपला' म्हणून मी ज्यांच्यापुढं खूण केली होती ती पुण्यातली पोरं आलीच नाहीत. जीपा रिकाम्या आल्या. ज्यांची खात्री होती ती घरी झोपली, आणि ज्यांची खात्री नव्हती ती सकाळी सातला तेल लावून दारात उभी होती. आप्पा एवढंच म्हणाले, "गुरुजी, गणित चुकलं की वो." ते कुठं चुकलं हे त्यांना कळलं नाही. मला कळलं होतं.

आणि त्याच पावसाळ्यात माझा सत्कार झाला. तालुक्यात मतदानाची टक्केवारी सगळ्यात जास्त वाढली ती माझ्या केंद्रावर. नारळ, शाल, चौकटीतलं प्रमाणपत्र. टाळ्या. मी पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवणारा माणूस. वरचा आकडा तसाच ठेवून खालचा कमी केला की अपूर्णांक मोठा होतो, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेलं. एकही माणूस जास्त आला नव्हता. त्या एकोणतीस नावांच्या जोडीला वारलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची ढीगभर जुनी नावं मी त्याच वर्षी काढली होती, म्हणून यादीतली माणसं कमी झाली होती. ते प्रमाणपत्र आमच्या दिवाणखान्यात अजून आहे. बायको दिवाळीला त्याची काच पुसते.

पुढच्या निवडणुकीला त्या गल्लीतल्या, ज्यांची नावं होती त्याही बायका आल्या नाहीत. दुपारची भाकरी सोडताना त्यांनी मिळून ठरवलं असणार, आप्पा म्हणायचे तसंच. मग टक्का घसरला. मग वरून विचारणा आली, या केंद्रावर मतदान कमी का? कारणं लिहून पाठवा. मी लिहिलं, 'कामगार वस्ती. शिक्षण कमी. जागृतीचा अभाव.' ते कुठल्यातरी अहवालात गेलं असेल. अशा वस्तीतली माणसं मतदानाला का येत नाहीत यावर आता कुणी विद्वान बोलायला लागला की मी टीव्ही बंद करतो.

जागृतीसाठी प्रभातफेरी निघाली. मुलांच्या हातात पाट्या, तोंडात घोषणा, पुढं मी. फेरी वखारीमागच्या गल्लीतून गेली. हौसाक्का उंबऱ्यात बसून दात घासत होती. चूळ भरली आणि म्हणाली, "पोरास्नी ब्येस शिकीवलासा, गुरुजी. आदी आमची नावं घाला की. मग वरडा."

मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडं अर्ज घेऊन गेलो. मनाची टोचणी एवढ्यानं थांबेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, हे कसलं? मी म्हणालो, नवीन मतदाराचा अर्ज.

"मी काय नवी हाय? माझ्या लग्नापास्नं मत टाकतोय मी ह्या शाळंत. गेलोच न्हाय तर परत येऊ कशी? तुम्ही असं लिवा, ही बाई हितंच हुती. मग अंगठा देतो."

अर्जात तसा रकाना नव्हता. मी कागद घडी करून खिशात घातला. खरं तर मला हायसं वाटलं.

ती बेळगाववाली शिक्षिका येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मी निपाणीची बस धरली. घरी सांगितलं, जुन्या सहकाऱ्याकडं जातो. रस्त्याभर उसाच्या ट्रॉल्या, बस मागं रेंगाळत होती आणि मी सीटवर पुढं-मागं होत होतो. मनात वाक्य तयार केलेलं होतं. ते मी म्हणून बघत होतो, तोंडातल्या तोंडात.

गल्ली तीच. काही पत्र्यांच्या जागी स्लॅब आलेत. हौसाक्का पंच्याहत्तरीची झालीय, खोकते फार. वखार सुटून वर्षं झाली, पण खोकल्यात ती अजून आहे. मला तिनं आवाजावरून ओळखलं. नातीला हाक मारली, "चहा ठेव गं, गुरुजी आल्यात आमचं." नात विशीतली, कापडाच्या दुकानात कामाला. तीच सांगायला लागली. यादीची तपासणी इथंही चालू आहे. घरातल्या कुणाचं जुन्या यादीत नाव होतं ते दाखवा म्हणतात. आजीचं सलग कुठं सापडत नाही, मध्येच ती गाव सोडून गेली असं लिहिलंय. नातीची आई लहानपणीच वारली. आता नातीच्या नावालाही त्यांनी खूण करून ठेवलीय, पुरावा आणा म्हणून.

"तवा काय झालतं, तुम्हास्नी ठाव असंल," हौसाक्का म्हणाली. "तुम्ही हुतासा की टेबलावर. एक कागद द्याल का लिवून? ही बाई हितंच हुती म्हणून. गुरुजींची सही म्हटल्यावर मानतील."

वाक्य तोंडाशी आलं होतं. मी कप खाली ठेवला. तेवढ्यात ती म्हणाली, "इतक्या वरसांत कोण इचारायला आलं न्हाय बघा. तुम्हीच एक आलासा."

आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडला, "बघू."

उठून आलो. नात दारापर्यंत सोडायला आली. तिनं माझा नंबर घेतला. गेल्या आठ दिवसांत तिचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. ज्या कागदावर 'ही बाई इथंच होती' असं मी लिहिणार, त्यावर दुसराही प्रश्न येणार, मग ती गेली असं कुणी लिहिलं? दोन्ही सह्या एकाच माणसाच्या निघणार. नोकरीची चार वर्षं राहिलीत. आप्पा वारले, दोन साक्षीदारांतला एक वारला. कुणाकडं बोट दाखवता येईल असं आता कुणी उरलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट का वाटतं हे माझं मला कळतं, म्हणून झोप येत नाही.

हे लिहून काढलं म्हणजे काही फिटलं असं नाही. तुम्ही वाचणारे त्या गल्लीत राहत नाही. तुम्हाला सांगणं मला सोपं गेलं.

हौसाक्काला मी एक कागद देणं लागतो. त्यावर दोन वाक्यं हवीत. ती कुठंही गेली नव्हती. ती गेली असं मी लिहिलं, जाणूनबुजून. खाली माझं नाव, सही, तारीख, आणि त्याची एक प्रत तहसीलदार कचेरीत. तिच्या नातीची मुदत सरायच्या आत. उरलेल्या अठ्ठावीस जणांनाही तसाच एकेक कागद लागतो. त्यांतले नऊ जण आता हयात नाहीत, त्यांचा देता येणार नाही. हौसाक्काचा अजून देता येतो. आज या ओळी लिहीपर्यंत तो मी दिलेला नाही.